नागपुरात पाइनची लाकडी जमीन: ग्रेड ओळखण्यापासून शेवटच्या कोटापर्यंत

लाकडी जमिनीचा विचार करणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "पाइनमध्ये कोणता ग्रेड घेऊ?" विचारायलाच हवं, पण हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. ग्रेड सांगतो फळी दिसते कशी. ती आपल्याकडे टिकेल कशी, हे त्या शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. मेअखेरच्या नवतपात नागपूरची हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, आणि पाऊस लागला की महिन्याभरात कपाटातल्या कपड्यांना वास यायला लागतो. ज्या लाकडावर तुम्ही पाय ठेवणार, तेही हे दोन्ही सोसतं. कोरड्यात आकसतं, ओल्यात फुगतं. म्हणून लेखभर ओलाव्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल. ग्रेडवर दिवसभर घासाघीस करणारी माणसं या बाबतीत मिस्त्रीवर सगळं सोडून मोकळी होतात, आणि जमीन बिघडते ती तिथेच.

आधी हे बघा की लाकूडच घेताय ना

दुकानात "वुडन फ्लोअरिंग" म्हणून चार वेगळ्या वस्तू दाखवतात. लॅमिनेट म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लाकडी भुश्श्याच्या पाटावर लाकडाचं छापील चित्र. एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लायचे थर आणि वर काही मिलिमीटर खरं लाकूड. आणि सॉलिड म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच फळी. यातली कुठलीच वस्तू वाईट नाही, पण भाव, आयुष्य आणि बसवायची पद्धत चारही ठिकाणी वेगळी. ओळख अगदी सोपी आहे: तुकडा हातात घ्या आणि कापलेली कड बघा. वरच्या रेषा कडेतून खालपर्यंत उतरत असतील तर ते सॉलिड. पुढचं सगळं सॉलिड पाइनबद्दल आहे, साधारण १९ ते २० मिलिमीटर जाडीच्या, एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असलेल्या फळ्यांबद्दल.

कोणत्या खोलीत घालायचं

पाइन हे नरम लाकूड आहे. कठीणपणा मोजायची जंका नावाची चाचणी असते. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी आत जाईपर्यंत लाकडात दाबतात आणि त्याला किती जोर लागला ते पौंडात लिहितात. आपला सागवान त्यात १००० च्या आसपास येतो. अमेरिकेतला लाँगलीफ पाइन ८७० च्या जवळ, न्यूझीलंडहून येणारा रेडिएटा ७०० च्या आसपास, आणि ईस्टर्न व्हाइट पाइन जेमतेम ३८०. सगळ्यांचं नाव "पाइन"च, पण पहिल्या आणि शेवटच्यात दुपटीहून जास्त फरक. म्हणून दुकानदार नुसता "इम्पोर्टेड पाइन" म्हणाला तर पुढचा प्रश्न लगेच विचारा: कोणता पाइन, कुठला?

आपल्या घरात चपला दाराबाहेर राहतात, ही पाइनसाठी फार मोठी सोय आहे. अनवाणी पायांनी पाइन वर्षानुवर्षं छान राहतो. त्याला मार बसतो तो लोखंडी कपाटाच्या पायाचा, घरंगळत नेलेल्या सिलिंडरचा, दिवाणाच्या पट्टीचा. म्हणून झोपायची खोली, अभ्यासाची खोली, वरच्या मजल्यावरची बसायची खोली या पाइनच्या जागा. स्वयंपाकघर नको, न्हाणीघराला लागून असलेला पॅसेज नको. तळमजल्यावर, विशेषतः काळ्या मातीवरच्या घरात, मी पाइन सुचवत नाही. पावसात ती माती पाणी धरून ठेवते, ओल खालून वर चढते, आणि ओलीमागून वाळवी येते. पाइनमध्ये वाळवीला रोखणारं स्वतःचं असं फारसं काही नसतं. तळमजल्यावर लाकूडच हवं असेल तर सागवानाच्या गाभ्याचं घ्या. आलापल्ली आणि बल्लारशाह आपल्या दारात असताना ते मिळणं अवघड नाही.

आता ग्रेड

ग्रेड देणारा माणूस फळीचा दर्शनी भाग बघतो. गाठी किती, केवढ्या, घट्ट आहेत की सुट्या. राळेची पोकळी आहे का. निळी झाक आहे का. कडेला सालीचा भाग राहिला आहे का. फळीची लांबी किती. एवढं बघून तो तिला एका रांगेत टाकतो. कठीणपणा आणि रेषेची दिशा ग्रेडच्या अक्षरात बहुतेक वेळा येतच नाहीत, आणि तुमच्या हातात पडेल त्या दिवशी फळीत ओलावा किती असेल हे तर येऊच शकत नाही.

दुसरी अडचण अशी की प्रत्येक देशाची बाराखडी वेगळी. अमेरिकेच्या सदर्न पाइनच्या फ्लोअरिंगमध्ये सगळ्यात वर "बी अँड बेटर", ज्यात गाठ जवळपास नसतेच. त्याखाली "सी", मग "डी", मग "नंबर २". "नंबर २" मध्ये गाठी मोकळेपणाने दिसतात, आणि गाठीदार गावठी रूप आवडणारे मुद्दाम तोच मागतात. अमेरिकेच्याच ईशान्येकडच्या व्हाइट पाइनची पायरी आणखी निराळी: सिलेक्ट, फिनिश, प्रीमियम, स्टँडर्ड, इंडस्ट्रियल. तिथे "प्रीमियम" हे नाव मधल्या पायरीचं आहे, आपण समजतो तसं सगळ्यात वरचं नाही! स्वीडन-फिनलंडकडून येणाऱ्या मालात जुनी पद्धत "अनसॉर्टेड", "फिफ्थ", "सिक्स्थ" अशी. तिथे "अनसॉर्टेड" म्हणजे न निवडलेला माल नव्हे, तर पहिल्या चार प्रती एकत्र केलेला चांगला माल. नव्या पद्धतीत तेच ए, बी, सी, डी अक्षरांनी सांगतात. म्हणजे "बी" हे अक्षर एका देशात सर्वात वरच्या मालाचं आणि दुसऱ्या देशात दुय्यम मालाचं. त्यामुळे दुकानदार "ए ग्रेड आहे, भाऊ" म्हणाला की शांतपणे विचारा, कोणत्या देशाच्या नियमाने? कागद दाखवला तर उत्तम. नाही दाखवला तर ते त्याचं स्वतःचं ए आहे असं धरा आणि फळी डोळ्यांनी निवडा.

डोळ्यांनी निवडताना मी पुढच्या गोष्टी बघतो.

गाठीचा रंग आणि तिच्याभोवतीची रेघ. आजूबाजूच्या लाकडात मुरलेली, लालसर-तपकिरी गाठ घट्ट असते, ती चालते. जिच्याभोवती काळं वर्तुळ आहे ती मेलेली गाठ. आपल्या उन्हाळ्यात ती आकसते आणि एक दिवस निघून हातात येते. जिभेवर किंवा खाचेवर बसलेली गाठ मी कोणत्याही ग्रेडमध्ये घेत नाही. खिळा मारताना फळी तिथेच तडकते.

निळी झाक. ही बुरशीची असते. तिने लाकूड म्हणावं तसं कमजोर होत नाही, पण ओंडका किंवा फळी बराच काळ ओली पडून होती याची ती खूण आहे. झाक दिसली की त्या गठ्ठ्याचा ओलावा जास्त बारकाईने मोजायचा.

आणि रेषेची दिशा, जी मला ग्रेडपेक्षाही मोलाची वाटते. फळीचं टोक बघा. झाडाच्या वाढीची वलयं कमानीसारखी आडवी पसरलेली असतील तर ती आडव्या रेषेची फळी. वलयं जवळजवळ उभी असतील तर उभ्या रेषेची. सदर्न पाइनची आकडेमोड घेतली तर आडव्या रेषेची ५ इंची फळी ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडला की सुमारे २ मिलिमीटर रुंद-अरुंद होते. उभ्या रेषेची तेवढ्यात सव्वा ते दीड मिलिमीटर हलते आणि झिजतेही एकसारखी. सागवानाची आडव्या रेषेची फळीसुद्धा साधारण १.४ मिलिमीटरच हलते, आपल्या वाडवडिलांनी सागवानावर भरवसा ठेवला त्यामागे हेही एक कारण आहे. उभ्या रेषेचा पाइन महाग असतो आणि नेहमी मिळत नाही. मिळाला नाही तर सरळ कमी रुंदीची फळी घ्या. सव्वातीन-साडेतीन इंची फळीत तीच हालचाल जास्त सांध्यांत वाटली जाते आणि डोळ्यांना खुपत नाही. सध्या सात-आठ इंची रुंद फळ्यांची फॅशन आहे. पाइनमध्ये, नागपुरात, ती करू नका.

कोणता ग्रेड घ्यायचा याचं माझं उत्तर मग असं: झोपायच्या खोलीला मधला ग्रेड, घट्ट गाठींचा. वरच्या ग्रेडचे पैसे वाचवा आणि ते खालचा प्लाय, वाळवीचं काम आणि चांगला मिस्त्री यांवर घाला.

पॅकिंगच्या पेट्यांचा पाइन

हा वेगळा सांगायलाच हवा, कारण स्वस्तात हाच गळ्यात पडतो. यंत्रसामग्री ज्या पेट्यांतून येते त्या फोडून, रंधा मारून फळ्या विकल्या जातात. फळीवर कधी कधी "एचटी" असा ठसा राहिलेला असतो आणि विकणारा म्हणतो, "बघा, हीट ट्रीटमेंट केलेला माल." तो ठसा खरा असतो. पण आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच की कीड मरावी म्हणून लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटं टिकवली. तेवढ्याने लाकूड वाळत नाही. भट्टीत वाळवणं हे कित्येक दिवसांचं काम आहे. ठसा "एमबी" असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूचं धुरीकरण. तो माल घरात, मुलं लोळतात त्या जमिनीवर, अजिबात नको. पेट्यांच्या पाइनचे रॅक करा, कुंड्यांचे स्टँड करा. जमीन नका करू.

लकडगंजात मीटर घेऊन जा

लाकडातला ओलावा मोजणारा पिनांचा मॉइश्चर मीटर ऑनलाइन सहज मिळतो आणि एका खोलीच्या लाकडाच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. तो खिशात घालून लकडगंजच्या लाकूडबाजारातल्या वखारीत जा आणि आधी विचारा, "दादा, मीटर लावून बघू का?" चांगला व्यापारी हसून "लावा ना" म्हणतो. नको म्हणाला तर पुढच्या वखारीत जा.

मीटर वरच्या फळीवर, टोकाशी लावून उपयोग नाही. गठ्ठ्याची टोकं आणि वरची रांग आधी वाळते, आकडा फसवा येतो. गठ्ठा उघडायला सांगा, मधली फळी ओढून काढा, तिच्या लांबीच्या मध्यावर दोन्ही पिना दाबा. आत पूर्ण रुतल्या पाहिजेत. अशा वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या निदान दहा-बारा फळ्या बघा. शंका आली तर एक फळी विकत घेऊन मधोमध कापायला लावा आणि ताज्या कापावर पिना लावा. पृष्ठभागावर ९ आणि आत १५ आलं तर तो माल वरवर सुकलेला आहे. रेडिएटाचे ओंडके बरेचसे गुजरातच्या कांडला बंदरात उतरतात, तिकडच्या गिरण्यांत कापले जातात, आणि पावसाळ्यात ट्रकवरून येताना ताडपत्रीखाली भिजलेले गठ्ठे मी स्वतः हात लावून पाहिले आहेत.

आकडा किती हवा? लाकूड हवेतल्या दमटपणाशी तोल साधतं. नेहमीच्या तापमानाला हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात साधारण ६ टक्के ओलावा उरतो. ५० ला ९ टक्के, ६५ ला १२ आणि ८० ला १६ च्या आसपास. आपल्याकडे वर्षभरात हवा या दोन्ही टोकांना जाऊन येते, म्हणून मी मधली जागा धरतो: ८ ते ११ टक्के, आणि फळ्या-फळ्यांत २ टक्क्यांहून जास्त फरक नको. १३-१४ दाखवणारा गठ्ठा कितीही देखणा असो, सोडा.

एक प्रश्न राळेचाही विचारा. पाइनच्या अंगात राळ असते. भट्टीत तापमान ७० अंशांच्या वर नेलं असेल तर ती बसते, घट्ट होते. नाही तर पश्चिमेच्या खिडकीतून मे महिन्याचं ऊन जमिनीवर आलं की गाठींतून चिकट थेंब वर येतात आणि पायाला लागतात.

मोजमाप सांगताना लक्षात ठेवा, फळी "४ इंची" म्हणून विकली तरी जीभ खाचेत गेल्यावर दिसणारी रुंदी सव्वातीन इंचांच्या जवळपास उरते. हिशोब दर्शनी रुंदीवर करा. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, त्यावर कापाकापीचे १० टक्के, म्हणजे १३२. गाठीदार ग्रेड घेतला तर १५ टक्के धरा, कारण वाईट टोकं कापून टाकावी लागतात.

कधी बसवायचं, आणि कूलरचं काय

मेमध्ये कडकडीत वाळलेली जमीन घट्ट बसवली तर ऑगस्टमध्ये ती फुगते आणि तिला जायला जागा नसते. ऑगस्टमध्ये बसवली तर एप्रिलपर्यंत फटींतून नाणं आत जाईल. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आपल्यासाठी सर्वांत चांगला, हवा मधल्या जागी असते. गृहप्रवेशाचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा असला तर लाकडाचं काम त्याच्या खूप आधी उरकून घ्या.

नागपूरच्या घरासाठी सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो कूलरचा. लाकूड हवामान खात्याच्या बातमीवर चालत नाही, ते तुमच्या खोलीतल्या हवेवर चालतं. बाहेर रणरणतं ऊन असताना खिडकीतला डेझर्ट कूलर खोलीत ओली हवा ढकलत असतो आणि आर्द्रता सहज साठीच्या पुढे जाते. शेजारच्या एसीच्या खोलीत त्याच दुपारी ती तिशीत असते. म्हणजे एकाच घरात, एकाच दिवशी, दोन खोल्यांतल्या फळ्या दोन वेगळ्या दिशांना हलतात. म्हणून दोन खोल्यांची जमीन सलग नेऊ नका. दारात पट्टी देऊन तोडा. आणि काम सुरू करायच्या आधी एक छोटा आर्द्रतामापक त्या खोलीत ठेवून आकडे बघा, कूलर चालू असताना आणि बंद असताना. ज्या खोलीत मार्चपासून जूनपर्यंत दिवस-रात्र कूलर चालतो तिथे खिडकीखालचा पट्टा दगडाचा किंवा टाइलचाच ठेवा. पाण्याची नळी निसटते, टाकी भरून वाहते, वाळ्याच्या ताट्यांतून थेंब उडतात. हे दर उन्हाळ्यात होणारच असं समजून आखणी करा.

फळ्या आणल्या की प्लास्टिक काढून, मधे पट्ट्या घालून, त्याच खोलीत आडव्या रचून ठेवा. खोलीचा रंग, पीओपी आणि गिलाव्याचं काम आधी पूर्ण झालेलं हवं, नाही तर भिंतींतला ओलावा लाकूड पिऊन घेईल. "आठवडाभर ठेवा" हा नियम सगळे सांगतात, पण दिवस मोजू नका, मीटर मोजा. तीन-चार दिवस लागोपाठ आकडा हलला नाही की फळ्या तयार.

खालची तयारी

स्लॅब कोरडा आहे का ते घरच्या घरी बघता येतं. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि पूर्ण एक दिवस राहू द्या. उचलल्यावर आत दव असेल किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर थांबा. नव्या स्लॅबला महिने लागतात, घाई करून उपयोग नाही.

वाळवीचं काम याच टप्प्यावर. बांधून झालेल्या घरासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग लागू होतो. भिंत आणि जमीन जुळते त्या रेषेवर ठरावीक अंतराने भोकं पाडून औषध भरतात आणि बुजवतात. हे प्लाय अंथरल्यावर करता येत नाही. शिवाय फळ्यांच्या खालच्या बाजूला आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला बोरॉनचं द्रावण मारून वाळू द्या. बोरॉन पाण्याने धुऊन जातं, पण कोरड्या घरात आतल्या बाजूला ते चांगलं काम करतं.

सपाटी. १० फुटांची सरळ पट्टी ठेवली तर खाली ५ मिलिमीटरहून मोठी फट दिसता कामा नये, म्हणजे दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). उंचवटे घासून काढा, खड्डे सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंडने भरा. वाळूने किंवा पुठ्ठ्याच्या चकत्यांनी नाही. पुढे जमीन चालताना कुरकुरते ती या चकत्यांमुळेच.

मग जाड पॉलिथिन, जोडांवर सहा-आठ इंच एकमेकांवर चढवून, भिंतीवर थोडं वर वळवून. त्यावर १८ किंवा १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेला, तुकड्यांमध्ये एक सूत आणि भिंतीपासून चार सूत अंतर सोडून. स्लॅबवर बत्ते, म्हणजे लाकडी पट्ट्या, ठोकून वर थेट फळ्या मारायची पद्धत जुनी आहे आणि चालतेही, पण मग दोन बत्त्यांमधलं अंतर १६ इंचांहून जास्त नको आणि बत्तेही तितकेच वाळलेले हवेत. ओल्या बत्त्यावर कोरडी फळी ठोकली तर ओलावा शेवटी फळीतच येतो. प्लायचा आणि फळीचा ओलावाही मोजा. तीन इंचांहून रुंद फळीला दोघांत २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

बसवणं

सुरुवात सर्वांत लांब, सरळ भिंतीपासून. भिंतीवर विसंबू नका, दोरीने सरळ रेघ मारून घ्या. भिंतीपासून सगळीकडे, दाराच्या चौकटीपाशीसुद्धा, पाच-सहा सूत जागा मोकळी सोडायची. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, जमिनीला नाही. मिस्त्री म्हणेल, "एवढी फट कशाला, मी घट्ट बसवतो, सुंदर दिसेल." तिथे ठाम राहा.

चार-पाच गठ्ठे एकदम उघडा आणि फळ्या आधी न ठोकता नुसत्या मांडून बघा. रंग आणि गाठी मिसळल्या जातात, खोलीच्या एका कोपऱ्यात सगळ्या गाठी जमत नाहीत. शेजारच्या ओळींतले सांधे एकमेकांपासून निदान आठ इंच लांब ठेवा. कारखान्यात एकाच बाजूला तासलेली फळी नसेल तर सालीकडची बाजू वर ठेवा. गाभ्याकडची बाजू वर आली तर आडव्या रेषेच्या पाइनमध्ये वलयांचे पापुद्रे सुटतात, आणि अनवाणी पायात कुसळ शिरलं की लाकडी जमिनीची हौस संपते.

खिळा जिभेवरून, ४५ अंशांत, आत बुडेल असा. १८ मिलिमीटर प्लायवर दीड इंची खिळा पुरतो, म्हणजे खालचं पॉलिथिन फाटत नाही. दर सहा ते आठ इंचांवर एक, आणि फळीच्या टोकापासून दोन-तीन इंचांवर एक. टोकाजवळ आधी बारीक भोक पाडा. फळ्या एकमेकींना पांढऱ्या सुतारी गोंदाने चिकटवू देऊ नका. मिस्त्रीचा हात सवयीने डब्याकडे जातो. गोंद कपाटासाठी छान आहे, पण जमिनीच्या सगळ्या फळ्या त्याने एकसंध केल्या की सगळी हालचाल एका ठिकाणी गोळा होते आणि तिथे जमीन फाटते.

मानेवाड्यातल्या एका ओळखीच्या घरी हे सगळं उलटं झालेलं मी पाहिलं. मे महिन्यात, भिंतीला घट्ट भिडवून, गोंद लावून काम उरकलेलं. ऑगस्टमध्ये गेलो तर प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा उचललेल्या, मध्ये पन्हळ. अनवाणी चाललं की तळव्याला एकेक कड मोजता यायची, आणि कोपऱ्यात दोन फळ्या तंबूसारख्या वर आलेल्या. ठेकेदार म्हणत होता, उद्याच मशीन लावून घासून सपाट करून देतो. ते थांबवलं, हे फार बरं झालं. ओलाव्याने उचललेल्या कडा त्याच अवस्थेत घासल्या तर हिवाळ्यात फळी सुकून मूळ जागी येते तेव्हा कडा खाली आणि मधला भाग उंच राहतो, आणि तो दोष परत जात नाही. त्यांनी स्कर्टिंग काढलं, भिंतीलगतची फळी कापून जागा केली, पंखे चालू ठेवले आणि वाट पाहिली. डिसेंबरपर्यंत बरीचशी जमीन आपोआप बसली.

घासणं आणि फिनिश

मशीनवर ४० नंबरच्या कागदाने सुरुवात, मग ६०, ८०, शेवटी १००. पाइनची राळ कागदात अडकते, त्यामुळे कागद वारंवार बदलावा लागतो. कागद वाचवणारा मिस्त्री लाकूड जाळून ठेवतो. मशीन चालू असताना एका जागी थांबलं की पाइनमध्ये लगेच खळगा पडतो, म्हणून या कामाला सवयीचाच माणूस हवा.

गडद स्टेनचा मोह टाळा. पाइन रंग सारखा पीत नाही, डाग-डाग दिसतात. त्याला नुसतं पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) शोभतं, तीन हात, प्रत्येक दोन हातांच्या मधे बारीक कागदाचा हलका फेर. काम चालू असताना पंखा बंद, खिडक्या किलकिल्या, आणि घरात कोणी झाडू मारायचा नाही. उजेडाने पाइन स्वतःच काही महिन्यांत मधाच्या रंगाला येतो. तोपर्यंत गालिचा अंथरू नका, नाही तर त्याच्या आकाराचा फिका चौकोन कायमचा उठून दिसेल.

रोजची निगा

घरकामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी शेजारी बसवून सांगा: या खोलीत बादली येणार नाही, फिनेलचं पाणी येणार नाही. कोरडा मऊ झाडू, आणि आठवड्यातून एकदा पिळून पिळून जवळजवळ कोरडं केलेलं फडकं. खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा. लोखंडी कपाटाच्या चार पायांखाली प्लायचे छोटे तुकडे ठेवा, म्हणजे भार पसरतो.

एप्रिल-मेमध्ये फळ्यांच्या मधे बारीक फटी दिसतील. जाड कागद जाईल इतपत फट असेल तर ती हवीच आहे. तिच्यात पुट्टी भरू नका. पावसात फळी फुगली की पुट्टी कडा चेपते आणि चुरा होऊन बाहेर पडते. फट मेमध्ये दिसली आणि सप्टेंबरातही तेवढीच राहिली तर मात्र मिस्त्रीला बोलवा, तिथे खिळा सुटला असण्याची शक्यता जास्त.

आणि उरलेल्या आठ-दहा फळ्या गच्चीवरच्या खोलीत फेकू नका, त्याच खोलीतल्या पलंगाखाली ठेवा. कधी एखादी फळी बदलायची वेळ आली तर तिचा ओलावा जमिनीशी जुळलेला असेल आणि ती त्याच दिवशी बसवता येईल.